प्राचार्यांचाही कम्प्युटर

पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात सगळे कम्प्युटर आपोआप अपडेट होतील अशी सोय मी केली, तेव्हा प्राचार्य म्हणाले, “माझा तेवढा सोडा बावा. अपडेटपायी ऐन कामात बंद होऊन राहिला तो.”

आधीच्या प्राचार्यांचा मी असाच सोडला होता आणि तपासणीच्या अहवालात सगळे सुरक्षित असल्याचं लिहिलं होतं. त्याच कम्प्युटरमधून व्हायरस शिरला. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज गेले. ठपका रामाकोन्याहून येणाऱ्या, अर्ज भरणाऱ्या ऑपरेटरबाईवर आला, तिची नोकरी गेली, आणि मी गप्प बसलो.

हे सगळं मी या प्राचार्यांना सांगून टाकलं.

“आता काहून सांगून राहिले? तुमचीही नोकरी जाईल ना.”

“जाऊ द्या सर. तुमचा कम्प्युटर सुटणार नाही. आणि चूक माझी होती, त्या बाईची नाही, हे मी आजच लेखी देऊन राहिलो.”