ज्याच्या भागात शर्यत, त्याची गिअरवाली

टीम म्हणायला आम्ही तिघंच होतो. बीडला एका कॉलेजात शिकायचो आणि एका खोलीत राहायचो. नावानं कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. एक केजचा म्हणून केज्या, एक पाटोद्याचा म्हणून पाटोद्या, आणि मी चकलांब्या. केज्याचं तोंड पायांपेक्षा जोरात चालायचं. पाटोद्या उंच, कमी बोलणारा, आणि आमच्यात सगळ्यांत जोरात सायकल मारणारा. मी या दोघांच्या मधला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. घरी कुणाला बी.ए. म्हणजे नक्की काय ते माहीत नव्हतं, पण सायकल सगळ्यांना कळत होती. त्यामुळं गावाकडं गेलो की अभ्यासाची चौकशी एका वाक्यात आटपायची आणि सायकलची जेवण होईपर्यंत चालायची.

टीमकडं शर्यतीची खरी सायकल एकच. आमच्या क्रीडा शिक्षकांच्या मेव्हण्यानं पुण्याला वापरून झाल्यावर दिलेली. पातळ टायर, खाली वाकलेलं हँडल, एका बोटावर उचलता येईल असं वजन. तिला आम्ही गिअरवाली म्हणायचो. बाकीच्या दोन साध्या, मडगार्ड आणि कॅरियर काढून जेवढ्या हलक्या होतील तेवढ्या केलेल्या.

आता तिघांत एक गिअरवाली वाटायची कशी? सरांचं म्हणणं सरळ होतं, जो जोरात चालवतो त्याला द्या. आम्हाला ते पटलं नाही. परक्या गावात मागं राहिलं तर कुणी ओळखत नाही, पण आपल्या माणसांसमोर डबड्या सायकलवर मागं राहिलं तर लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मी नियम काढला: शर्यत ज्याच्या भागात, गिअरवाली त्याची. दोघांनीही लगेच माना डोलावल्या. सर म्हणाले की निदान एवढं तरी ध्यानात ठेवा, वाटेत अडचण आली तर टीममधला दुसऱ्याला आपली सायकल देऊ शकतो, त्याला पंच हरकत घेत नाहीत.

हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा. तेव्हाच कारखानेही सुरू झालेले असतात, त्यामुळं सरावाला रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर भरपूर. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोर असला की त्याच्या मागं वाराच लागत नाही. आम्ही तिघं एकामागं एक त्या ट्रॉलीच्या आडोशाला लागायचो. ड्रायव्हर पुढं मोठ्यानं गाणी लावून चाललेला, आणि मागं आम्ही फुकटात पळतोय. सरांना कळलं तेव्हा त्यांनी बंदी घातली, ट्रॉली उलटली तर उसाखालून तुम्हाला शोधायचं कुणी म्हणाले. पण तोवर वाऱ्याला आडोसा कसा धरायचा ते आम्ही शिकलो होतो.

पहिली शर्यत केजला झाली. गिअरवाली अर्थातच केज्याकडं. त्या दिवशी आठवडी बाजार, आणि अर्धा बाजार त्याच्या ओळखीचा. तो प्रत्येकाला हात करत गेला. एक हात कायम हवेत असल्यावर गिअर कोण बदलणार? तो चांगलाच मागं पडला आणि वर सांगायला लागला की माणसं जपावी लागतात. दुसरी पाटोद्याला. तिथला चढ म्हणजे पाटोद्याचं अंगण, आणि खाली गिअरवाली. आम्हाला वाटलं, आज नंबर येतोच. पण शेवटच्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या आणि तो चौथा आला. तिसरी शर्यत बीडला, म्हणजे कुणाच्याच भागात नाही. चिठ्ठ्या टाकल्या, गिअरवाली परत पाटोद्याला लागली. या वेळी शेळ्या नव्हत्या, तरी पुन्हा चौथा. बक्षीस तिघांनाच असतं. चौथ्याला लोक पाठीवर थाप देतात आणि बाजूला व्हायला सांगतात, कारण पहिल्या तिघांचा फोटो काढायचा असतो.

शेवटची शर्यत राहिली तेव्हा सरांनी आम्हाला मैदानावर बोलावलं. वरून विचारणा झाली होती की या सायकलींचा उपयोग काय. सर म्हणाले, "पहिल्या तिघांत एक जण आणा, मी टीमचं नाव विभागीय स्पर्धेला पाठवतो. नाहीतर पुढच्या वर्षी सायकलिंग बंद, खो-खो सुरू." केज्या आणि मी अजून एक वर्ष कॉलेजात होतो. पाटोद्याचं ते शेवटचं वर्ष. विभागीयला जायचं हे त्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होतं, फक्त तो बोलून दाखवत नव्हता.

आणि ती शेवटची शर्यत होती गेवराईहून चकलांब्यापर्यंत आणि परत. माझ्या गावच्या चौकात ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून माघारी फिरायचं.

मी खोलीवर आल्या आल्या म्हणालो की गिअरवाली पाटोद्यानं घ्यावी. केज्यानंही तेच म्हटलं. पाटोद्या चेनला तेल घालत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"नियम तूच काढलाय बे. आता मोडतो कावून? तुह्या गावात मी गिअरवालीवर अन् तू डबड्यावर, तुह्या बापाला कसं वाटंल?"

मी म्हणालो की बापाला मी समजावतो. तो म्हणाला, "बापाला समजावशील. गावाला?"

त्यानं मग स्वतःच गिअरवालीची सीट माझ्या मापाला खाली केली आणि पाना माझ्या हातात दिला.

घरी मी फोन करून एवढंच सांगितलं की पिंपापाशी कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन उभं राहा, मी चालत्या सायकलवरून घेईन. फोन नानांनी घेतला होता. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. सत्कार हा त्यांचा जीव. कुणी दहावी पास झालं, कुणी ट्रॅक्टर आणला, कुणी दवाखान्यातून बरं होऊन आलं, की नाना शाल घेऊन हजर. त्यांच्या पेटीत दोन फेटे कायम घडी घालून ठेवलेले असत. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही फोन ठेवताना माझ्या मनात काही आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी जाताना वारा पाठीमागून होता. गिअरवाली नुसती पळत होती. गाव दिसायला लागलं तेव्हा मी सगळ्यांच्या पुढं होतो. मागं दोघं-तिघं, त्यांच्या थोडं मागं साध्या सायकलवर पाटोद्या. केज्या नजरेच्या पलीकडं. हलगीचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं. लोक जमलेत, म्हटलं.

पिंप चुन्यानं रंगवून त्यावर झेंडा लावला होता. मी वळायला वेग कमी केला आणि बघतो तर रस्त्यात सडा टाकून रांगोळी काढलेली. तिच्या मधोमध नाना हार घेऊन उभे. त्यांच्या मागं आप्पा, म्हणजे माझे वडील, नवीन सदरा घालून. पाण्याची बाटली कुठंच नव्हती.

"नाना, सरका. शर्यत चालू हाय."

"चालू राहू दे की. पोरगं दारावरनं चाललंय अन् नुसतं पाणी पाजून लावून द्यायचं व्हय?"

रांगोळीवरून आणि चुलत्याच्या अंगावरून सायकल घालायची की थांबायचं, एवढंच माझ्या हातात होतं. मी थांबलो. हार गळ्यात पडला, कुणीतरी हेल्मेट काढून घेतलं आणि फेटा बांधणाऱ्यानं पहिला वेढा मारला. फेटा बांधायला घेतला की माणूस खुंट्यासारखा उभा राहतो, हलला की सगळं पहिल्यापासून. माझ्या डोळ्यांदेखत एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तिघांकडं बघून गाव टाळ्या वाजवत होतं, कारण पाहुण्यांचा मान ठेवायचा असतो. शाल अंगावर आली. नाना भाषणाला लागले. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, असं त्यांनी सुरू केलं. माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागायला अजून एक अख्खं वर्ष होतं, पण शाल दोनदा कशाला काढायची म्हणून त्यांनी तेही यातच धरलं.

तेवढ्यात पाटोद्या आला. मला तसा उभा बघून त्याचं पॅडल थांबलं.

मी मान न हलवता म्हणालो, "गिअरवाली घे."

"तुहा सत्कार चाललाय बे."

"सत्कार माझा हाय, सायकलचा न्हाई. जा."

त्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पांना काय कळलं कुणास ठाऊक, पण पुढं होऊन गिअरवालीचं हँडल त्यांनीच त्याच्याकडं वळवलं आणि त्याच्या हातातली साधी सायकल स्वतः धरली. पाटोद्या बसला. सीट माझ्या मापाची, त्याचे गुडघे हनुवटीला लागायला आलेले. सीट वर घ्यायला पाना लागतो, आणि पाना खोलीवर. तसाच गेला.

नानांनी भाषण थांबवून विचारलं की सायकल कुठं चालली. आप्पा म्हणाले, "पोरानं पाठवली. तुमी बोला."

नाना बोलले. मी सगळं ऐकलं. मग माझ्यासाठी चहाही आला.

माघारीला वारा समोरून होता. पुढचं मला पाटोद्यानं नंतर सांगितलं, आणि तो वाढवून सांगणाऱ्यांतला नाही. गावाबाहेर त्यानं तिसऱ्याला गाठलं आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटला, जसे आम्ही ट्रॉलीला चिकटायचो. वारा तो खात होता, पाटोद्या आडोशाला. गेवराई आल्यावर बाजार समितीच्या फाटकापाशी त्याला मागं टाकलं. पाटोद्या तिसरा. पहिल्या तिघांच्या फोटोत तो थोडा वाकलेला दिसतो, कारण त्याची पाठ अजून सरळ झाली नव्हती.

मी सगळ्यांत शेवटी पोचलो. डोक्याला फेटा, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, शाल कमरेला बांधलेली. केज्या कधीचा पोचला होता आणि मी वाटेत लग्न लावायला थांबलोय असं पंचांना सांगून बसला होता. सरांनी मला बघितलं आणि पाटोद्याकडं वळून म्हणाले की विभागीयची तयारी उद्यापासून. पाटोद्यानं मान हलवली. मग माझ्याजवळ येऊन फेट्याचं सुटलेलं टोक खोचलं आणि म्हणाला, "लई शोभतोय."

विभागीयला आम्ही मधल्या कुठल्या तरी नंबरावर आलो. पाटोद्याला तेवढं पुरलं. तिथं कुणाचंच गाव नव्हतं, त्यामुळं गिअरवाली कुणी घ्यायची यावर वादही झाला नाही. त्यानंच घेतली, सीट पुरती वर करून.

त्या शर्यतीची बातमी पेपरात आली तेव्हा निकाल बरोबर छापला होता, पण फोटो माझा होता, फेट्यातला. नानांनी तो फ्रेम करून भिंतीला लावला. पुढच्या वर्षी डिग्री मिळाली, तीही त्याच्या शेजारी लागली. पाहुणे आले की नाना दोन्ही दाखवतात, आणि शर्यत कोण जिंकलं असं कुणी विचारलं तर आप्पा मध्येच म्हणतात की पाटोद्याचा एक पोरगा हाय, तिसरा आलता.

खो-खो काही सुरू झाला नाही. पुढच्या हंगामात पाटोद्याच्या जागी दोन नवे आले, तेव्हा केज्यानं आणि मी नियम दुरुस्त केला. गिअरवाली आता जो जोरात चालवतो त्याची. आणि शर्यत ज्याच्या गावात असेल, त्यानं आदल्या दिवशी घरी जायचं, फेटा बांधून घ्यायचा, भाषण पूर्ण ऐकायचं, चहा प्यायचा, आणि मगच शर्यतीला उभं राहायचं.