बागेवरचं रडार आणि न घेतलेली जाळी

फौजेत माझी सगळी नोकरी रडारवर गेली. निवृत्तीनंतर साताऱ्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं, तरी डोळ्यांची सवय सुटली नाही. तासगावच्या पुढं थोरल्या भावाची द्राक्षबाग आहे. गारा पडल्या की तिकडं अर्ध्या तासात वर्ष जातं. सरकारी रडार लांब, मधे डोंगर. तेव्हा मनात आलं, आपणच एक छोटं, स्वस्तातलं बनवावं. आराखडे आणि प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट होते. कुणीही घ्यावेत, सुधारावेत, परत सगळ्यांसाठी ठेवावेत, अशा बोलीवर. परवानगीच्या कागदांत जितके दिवस गेले, तितके सर्किट बोर्डावर सोल्डरचे डाग देण्यातही गेले नसतील.

तयार झालं ते पाटाएवढं होतं. भावाच्या शेतातल्या पाण्याच्या टाकीवर बसवलं, तेव्हा तो खालून बघत राहिला.

"ह्याची थाळी कुठं हाय? फिरत न्हाई, मग बघतंय कसं?"

मी त्याला परेडचं सांगितलं. रांगेतल्या जवानांनी एकदम पाऊल टाकलं तर रांग सरळ जाते. प्रत्येकानं शेजारच्यापेक्षा किंचित उशिरा टाकलं तर रांग तिरकी होते. या पाटावर छोटे छोटे अँटेना आहेत, ते तसेच एकामागोमाग बोलतात, आणि लहर हवी तिकडं वळते. पाट जागचा हलत नाही.

"म्हंजी मान न वळवता सगळीकडं ध्यान," भाऊ म्हणाला. "तुझ्या वहिनीवाणी."

वहिनी टाकीखाली धुणं धूत होत्या. "मान वळवून बघण्यासारखं हाय तरी काय हितं?" त्यांनी विचारलं.

मशीन बरोबर बघतंय का, ते तपासायला पत्र्याचे तीन तुकडे कोनात जोडून बांबूवर बांधले आणि भावाला बांधाबांधानं हिंडवलं. मी फोनवर ओरडायचो, थांब, आता डावीकडं. रस्त्यावरून जाणारा एकजण थांबून म्हणाला, "आवं दादा, ह्या वयात पतंग उडवताय व्हय?" भाऊ हसला, पण बांबू खाली घेतला नाही. अंधारेपर्यंत तो चालत होता आणि माझ्या स्क्रीनवर एक ठिपका चालत होता. त्याच्याकडं बघत मी इतका खूश होतो, की त्याचे पाय दुखत असतील हे मनात आलंच नाही.

त्याच रात्री जेवताना जाळीचा विषय निघाला. शेजारच्या बागेवर गारा अडवायची जाळी आली होती. वहिनी म्हणाल्या, "आपुनबी घालूया औंदा." भावानं माझ्याकडं बघितलं. मी भाकरी मोडत म्हणालो, "कशाला? गार यायच्या आधी कळंल की." एवढंच. भाऊ म्हणाला, "मग झालं." वहिनी ताटं उचलायला लागल्या.

ते वाक्य खोटं असतं तर बरं झालं असतं. मशीन चुकलं म्हणून मोकळा झालो असतो.

फेब्रुवारीतली दुपार होती. घडांत गोडी भरली होती, व्यापारी बाग बघून गेला होता, दोन-चार दिवसांत काढणी लागणार होती. मी साताऱ्यात दुकानात, समोर लॅपटॉप. टाकीवरचं चित्र इंटरनेटवरून दुकानात दिसायचं. आधी पिवळा ठिपका आला, मग लाल, मग लालच्या आत जांभळा, म्हणजे गारा, आणि तो सरळ बागेकडं निघाला. मला आनंद झाला. आज लिहितोय म्हणून लपवत नाही: पहिला आनंद झाला. बरोबर दिसतंय, याचा.

फोन लावला. "दादा, गार हाय. तुज्याकडंच यायलीय. अर्धा तास."

"बरं," तो म्हणाला. "मग काय करू?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आम्ही दिशा सांगायचो, अंतर सांगायचो आणि गप्प बसायचो. पुढचं बोलायला दुसरा आवाज असायचा, त्याच्यामागं तोफा असायच्या. मी रडार बनवलं आणि त्याच्यामागं काहीच ठेवलं नाही. ठेवता आली असती ती जाळी, ती मीच नको म्हणालो होतो. एवढी बाग अर्ध्या तासात ना काढता येते, ना झाकता येते.

"ऐकतोयस न्हवं?" भाऊ म्हणाला.

"व्हय."

"कामाच्या बायका बागेत हायत्या. त्येंना बाहेर काढतो. ठेव."

मग मी बघत बसलो. जांभळा रंग बागेवर आला आणि थांबला. शंभराहून जास्त किलोमीटरवर बसून मी स्क्रीनवरची बाग बोटानं झाकली होती. थोड्या वेळानं चित्रच बंद पडलं. वरचं झाकण गारांनी फोडलं असणार. चित्र गेलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी आजवर कुणाला बोललो नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं गेलो. पानांच्या चिंध्या, काड्या सोललेल्या, खाली मण्यांचा चिखल आणि त्याचा आंबट वास. पंचनाम्याची वाट बघत माणसं उभी होती. भावानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्यानं अर्धा तास आधी सांगितलं बगा. सातारला बसून! बायका बाहेर काढल्या म्हणून वाचल्या."

ढग बघून बायका तशाही पळाल्या असत्या. वहिनींनी चहा दिला. बशी माझ्या हातात न देता कट्ट्यावर ठेवली.

मशीन दुरुस्त करून परत टाकीवर चढवलं, ते भावाच्याच हट्टानं. ऑक्टोबरच्या छाटणीला गेलो तेव्हा त्याला बांधावर एकटा गाठला.

"दादा, औंदा जाळी घे. वहिनीचं खरं होतं. मी नको म्हणायला नको होतं."

तो कात्रीची धार बघत राहिला. "गप रं. जाळी घातली तर लोक काय म्हणतील? मशीन भावाचं, आन् ह्योच जाळीखाली बसतोय."

"म्हणू दे. मला काय वाटत न्हाई."

"मला वाटतंय की," तो म्हणाला आणि पुढच्या वेलाकडं गेला.

मला कमीपणा येऊ नये म्हणून तो बाग उघडी ठेवतोय. वहिनींना फोन करून सांगितलं, तुम्हीच त्याला जाळी घ्यायला लावा. त्या म्हणाल्या, "मी सांगून बघितलं भावजी. तुमचं नाव काढलं की ऐकत न्हाईत."

रोज दुपारी चहाच्या वेळेला त्याचा फोन येतो. "काय दिसतंय?"

"काय न्हाई. मोकळं हाय."

"मग झालं."

काल फोन ठेवता ठेवता म्हणाला, मण्यात पाणी उतरायला लागलंय, आता गोडी भरंल, औंदा घड लय चांगले हायती. मी बरं म्हणालो. स्क्रीन स्वच्छ होती. तरी दुकान बंद करायला उठवेना.