मागे सरकायला जागा

मंगळवारी सकाळी माझी पत्नी हॉस्पिटलमध्ये वारली. मी त्या वेळी खाली कॉफी घेत होतो.

मुलगी विमानाने बेलव्ह्यूहून आली. तेराव्याच्या आधी तिने आईचा फोटो मोठा करून आणला आणि कुठे लावायचा असं विचारलं. न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसरमधल्या या घरात एकही भिंत मोकळी नव्हती. सगळीकडे माझी पुस्तकं. शेवटी सोफ्यासमोरचं कपाट हलवायचं ठरलं. त्यातली निम्मी पुस्तकं इम्प्रेशनिस्ट चित्रकारांवरची होती.

चित्रं माझी पत्नी काढायची, पुस्तकं मी वाचायचो. निवृत्तीनंतर ती गावातल्या चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागली. शिकवणाऱ्या बाईंनी उघड्यावर बसून, सावलीलाही काळा न वापरता ऊन रंगवणाऱ्या त्या फ्रेंच मंडळींची चित्रं दाखवली, आणि हिने काळ्या रंगाची ट्यूब कायमची बाजूला ठेवली. मी लगेच पुस्तकं मागवली. मोठ्या प्रदर्शनाने त्यांना कसं नाकारलं, हिणवायला दिलेलं नावच त्यांना कसं चिकटलं, हे सगळं मी ती पोळ्या लाटत असताना तिला सांगत असे. ती ऐकून घेई. एकदा म्हणाली, "अहो, ते खरंच असेल. पण सावली जांभळी असते हे तुम्ही स्वतः कधी बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. वाचलं होतं.

महिन्यातून एकदा आम्ही प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेनने न्यूयॉर्कला चित्रं बघायला जायचो. मी आधी चित्राशेजारची पाटी वाचायचो आणि मग रंगाचे फटकारे अगदी नाक लावून बघायचो. एकदा तिथल्या पहारेकऱ्याने मला दोन पावलं मागे व्हायला सांगितलं. मी सांगून दमले, आता गणवेशातल्या माणसाचं तरी ऐका, असं म्हणून ती परतीच्या गाडीत हसत राहिली.

शनिवारी सकाळी आम्ही कालव्याकाठी जायचो. चित्र टेकवायचं तिचं घडीचं ईझल, माझी घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा. ऊन सरकायच्या आत रंगवायचं असल्यामुळे मला बोलायची मनाई होती. मी वाचत बसे. एका ऑक्टोबरात तिने ओळीने पाच शनिवार एकच चित्र रंगवलं, चार फूट रुंद. त्यासाठी तिने दिवाणखान्यातली हीच भिंत मागितली होती. कपाट सवडीने हलवू, असं मी म्हणालो. तोवर म्हणून चित्र स्वयंपाकघरातून गॅरेजकडे जाणाऱ्या बोळात लावलं. बोळ जेमतेम तीन फुटांचा. सहा वर्षं मी किराण्याच्या पिशव्या घेऊन त्याला खांदा घासत गेलो. मला फक्त तांबडे-पिवळे ठिपके दिसायचे. तिने भिंतीचा विषय पुन्हा काढला नाही.

कपाट हललं. मुलीने फोटोसाठी खिळा हातात घेतला, तेव्हा मी तिला थांब म्हणालो आणि बोळातून चित्र काढून आणलं. एक बाजू तिने धरली, एक मी. लावून झाल्यावर मी सवयीने त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाबा, यू आर टू क्लोज," ती म्हणाली. "मागे या. अजून."

पोटरीला सोफा लागेपर्यंत मागे आलो. ठिपक्यांचं पाणी झालं. पाण्यापलीकडे मेपलची झाडं उभी राहिली. डावीकडे जे मला झुडूप वाटायचं, तिथे खुर्चीत एक माणूस बसला होता. मान खाली, मांडीवर पांढऱ्या रंगाचा एकच फटकारा.

"ते तुम्ही आहात," मुलगी म्हणाली. "तो ब्लू स्वेटर. तुम्हाला माहीत नव्हतं?"

तिला माहीत होतं. आईने तेव्हाच फोनवर चित्राचा फोटो पाठवला होता. फोनवर ते लहान दिसतं, म्हणून नीट दिसतं.

पाच शनिवार ती माझ्याकडे बघत होती. रंग जोखताना चित्रकार डोळे किलकिले करतात, असं एका पुस्तकात आहे. ती तसं करायची की नाही, मला सांगता येणार नाही. एकदा मान वर केली असती तर कळलं असतं. मुलीने आणलेल्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. मला ती दुसरी नजर हवी आहे, आणि ती कुणाच्याच फोनमध्ये नाही.

चित्रातल्या खुर्चीखाली सावली आहे. जांभळी आहे.

फोटो आता जेवणाच्या टेबलावर उभा आहे. पुस्तकांची खोकी गॅरेजमध्ये आहेत. सोफ्यापासून भिंतीपर्यंत चौदा फूट जागा मोकळी आहे, आणि सकाळी मी तिथे चहा घेतो.