समोरची पार्टी

जून संपता संपता मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं आणि बसा असंही न म्हणता विचारलं, "तुमच्या समूहगानात मुलं किती उरलीत?"

'उरलीत' हा शब्द मला झोंबला, कारण तो खरा होता. दहावीची बॅच गेली आणि माझे सगळे चांगले आवाज घेऊन गेली. उरली होती नऊ मुलं, त्यातल्या दोघी नुसत्या मैत्रिणीला सोबत म्हणून यायच्या.

"जुलैअखेर मी स्वतः ऐकायला येणार. पंचवीस मुलं दिसली तर ठीक," मोठ्या बाई म्हणाल्या, "नाहीतर तो तास स्कॉलरशिपच्या वर्गाला. तुम्ही कार्यानुभव घ्या."

मला शर्टाचं बटण धड लावता येत नाही. पण भीती बटणाची नव्हती. काळाचौकीच्या या शाळेत अठरा वर्षं मी गाण्याची बाई आहे. त्यातलं गाणं काढून घेतलं की नुसती बाई उरते, आणि ती मला फारशी आवडत नाही.

मी वर्गावर्गात हिंडले. पाचवीत "कोणाला गायचंय?" म्हटल्याबरोबर अख्खा वर्ग हात वर करून उभा राहिला. तालीम शाळा सुटल्यावर असते हे कळताच अख्खा वर्ग खाली बसला. सहावीने खाऊ मिळणार का ते विचारलं. आठवीतल्या मुलांचे आवाज नुकतेच फुटलेले, ती माझी नजरच चुकवत होती. मी नोटीस बोर्डावर रंगीत खडूने झकास जाहिरात लिहिली, तर संध्याकाळपर्यंत तिच्याखाली कोणीतरी क्रिकेटची टीम लिहून ठेवली. ती अकराच्या अकरा भरली होती.

पालकसभेला मी एका आईला गाठलं. तिची मुलगी सातवीत. मधल्या सुट्टीत ती तळमजल्यावरून हाक मारायची आणि तिसऱ्या मजल्यावरचे शिक्षक चहाचा कप खाली ठेवायचे. "हिला गाण्याला पाठवा," मी म्हटलं. आई घाबरलीच.

"नको हो बाई. तिचो आवाज बसलो तर गणपतीत भजनाक कोण बसतलो?"

तेव्हा मला कळलं, की ही पोरगी चाळीतल्या भजनी मंडळात चौथीपासून गाते. मंडळ डबलबारी करतं. म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एकाने गाणं टाकायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, आणि लोक कोण भारी ते ठरवतात. अठरा वर्षं ही मुलं माझ्यासमोर मिठाची गुळणी धरून बसत होती आणि घरी जाऊन चाळ हलवत होती. मला राग आला. जास्त स्वतःचाच आला.

दुसऱ्या दिवशी मी तिला धरलं. "एवढी गातेस, मग माझ्याकडे का येत नाहीस गं?"

"बाई, तुमच्यात समोरची पार्टी कोण असते?"

"समोर पाहुणे असतात."

"ते गातात?"

"नाही. ते ऐकतात."

तिला माझी दया आली असावी. "मग आपण हरवायचं कोणाला?"

मी गिरगावातली. गाणं बंद दाराआड, तानपुरा लावून शिकलेली. गाणं कोणाला हरवायला नसतं, गाण्याने मन कसं शांत होतं, यावर मी तिला दहा मिनिटं भाषण दिलं. तिने ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाऊ मी?"

मग मी सरळ थाप मारली. "या वर्षी आहे समोरची पार्टी."

"कोण?"

आमच्या शाळेत निम्मी मुलं काळाचौकीची, निम्मी घोडपदेवची. "घोडपदेव," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी काळाचौकीची बारा मुलं हजर. आपल्याला न विचारता आपल्याशी सामना ठरवला म्हणून चिडलेली घोडपदेवची बारा दुसऱ्या दिवशी आली. माझी जुनी नऊसुद्धा पत्ते बघून त्यातच वाटली गेली होती. चोवीस! मला हवी होती पंचवीस, पण दोन्हीकडे माणसं सारखी पाहिजेत हा कायदा त्या पोरीने पहिल्याच दिवशी करून टाकला होता.

स्वागतगीताची एक ओळ काळाचौकी म्हणायची, दुसरी घोडपदेव. पेटीच्या पांढरी चारमध्ये सुरू केलेलं गाणं चढाओढीत वर सरकत संपेपर्यंत काळी पाचला पोचायचं. पाहुण्यांचं स्वागत चाललंय की त्यांना हाकलताहेत ते कळायचं नाही. पण जुलैअखेरपर्यंत एकही मूल गैरहजर राहिलं नाही.

मोठ्या बाई ऐकायला यायच्या दिवशी घोडपदेवने कुठूनशी एक नवी मुलगी पकडून आणली. मी मनातल्या मनात उडी मारली. पंचवीस झाले! तेवढ्यात काळाचौकी खाली बसली.

"आम्ही बारा, ते तेरा. चीटिंग आहे बाई. आम्ही नाही गाणार."

"आणा की तुम्ही पण एक."

"कुठून आणू? राहिलेत ते सगळे क्रिकेटवाले."

मोठ्या बाई दारात आल्या होत्या. हातात रजिस्टर. घोडपदेव त्या मुलीला सोडायला तयार नव्हतं, काळाचौकी उठायला तयार नव्हती. मी हात जोडायच्याच बेतात होते.

तेवढ्यात काळाचौकीतून ती भजनवाली पोरगी म्हणाली, "बाई, तुम्हीच या ना आमच्यात."

"अगं, मी गिरगावची."

"चालतंय. पण आधी आवाज दाखवा."

आजवर मी शेकडो मुलांना समोर उभं करून सा लावायला सांगितलाय. माझ्यावर ती वेळ कधी आली नव्हती. मी सा लावला. पोरीने शेजारच्या दोघांशी कुजबुजून सल्लामसलत केली आणि म्हणाली, "घेऊ."

मोठ्या बाईंनी पेनाने एकेक डोकं मोजलं. माझ्याशी येऊन थांबल्या. "तुम्हाला मी धरणार नाही हं."

"नका धरू. पोरं पंचवीस आहेत."

त्यांनी पुन्हा मोजलं आणि रजिस्टरात आकडा लिहिला. माझा तास वाचला होता. खरं तर मी तिथेच बाजूला व्हायला हरकत नव्हती.

पण पोरीने टाळी दिली आणि गाणं सुरू झालं. मी पेटी सोडून रांगेत उभी होते, डाव्या-उजव्या बाजूने पोरं खेटलेली. पहिली ओळ आमची. ती बरी गेली. मग समोरून घोडपदेवचे तेरा आवाज असे आले, की आमची ओळ कुठल्या कुठे गेली. मी समोर पाहिलं. ती नवी मुलगी चक्क हसत होती. माझं डोकंच फिरलं. मी पदर खोचला आणि गळा मोकळा सोडला.