एकशेवीस-ऐंशी

कचेरीत तिला सगळे आकडेवाली म्हणत. आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, दमट भिंतीला पाठ लावून ती बसे. दवाखान्यांची माहिती आली की ती लगेच सरासरी काढत नसे. आधी एकेका रकान्याचं चित्र काढायची आणि नुसती बघत राहायची. साहेब म्हणत, "पुरे गं, लाजतील आकडे!"

गरोदर बायांच्या रक्तदाबाचं चित्र पसरट टेकडीसारखं यायला हवं होतं. पण या वेळी मधोमध एकच सुळका उभा राहिला: एकशेवीस-ऐंशी. एकच दवाखाना, एकाच नर्सचा क्रमांक. पाच महिने, एकशे तेरा बाया, सगळ्यांचा दाब तोच. त्यांतल्या दोघी बाळंतपणात दाब चढून, झटके येऊन दगावलेल्या.

क्रमांक तिला पाठ होता. आई गेल्यावर जिनं तिला वाढवलं, शिकवलं, त्या ताईचा.

दोन दिवस तिनं फाईल उघडली नाही. पण गेलेल्यांपैकी एक एकोणीस वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी तिनं अहवाल पाठवला. आठवड्याभरात ताईला घरी बसवलं.

ती भेटायला गेली तेव्हा ताई भांडी घासत होती.

"या बाईसाहेब. घरचा भेदी."

"ताई, खोटे आकडे का लिहिलेस?"

"दाबाचं यंत्र बंद होतं. आकडा टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही, आणि फॉर्म अडला की बाईला गोळ्या मिळत नाहीत. शेऱ्यात दर वेळी लिहिलं होतं मी. वाचलं नाहीस?"

नव्हतं वाचलं. इतर दवाखान्यांनी शेरे लिहिलेच नव्हते. रकाना जवळजवळ रिकामा, म्हणून तिनं तो पहिल्याच दिवशी काढून टाकला होता. सगळे तसंच करतात.

मूळ फाईलमध्ये ते सापडलं. 'यंत्र बंद, वर कळवले आहे.' एकशे तेरा वेळा. तिनं पुरवणी अहवाल लिहिला. ताईची नोकरी वाचायची तर ती याच कागदावर. साहेबांकडे देण्याआधी तो ताईला दाखवायला नेला.

ताईनं हात पुसून वाचला.

"त्या दोघींचं काहीच नाही यात."

"तुला वाचवायला लिहिलाय गं."

"त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचे पाय सुजले होते. मला दिसले होते. दाब चढलाय हे कळायला यंत्र कशाला लागतं? मोठ्या दवाखान्यात धाडायला हवी होती. एकशेवीस लिहून घरी पाठवली मी." ताईनं कागद परत दिला. "लिही."

"ताई, मग तुला कोणी परत घेणार नाही."

"लिही म्हटलं ना."

ओट्यावर कागद ठेवून, खालच्या कोऱ्या जागेत, ती हातानं लिहू लागली. ताई सांगत होती: कोणता वार, किती वाजता, कोणता पाय जास्त.