गाठीची रसद आणि तांडेलचा उपास

“ह्यांनी जेवण सोडलानी, आणि ते तुमच्यामुळे!”

मिरकरवाड्यातल्या यशोदाबाई माझ्या ओपीडीत गरजल्या. आवाज माझाही बारीक नाही. मी खोकलो की भाट्याच्या खाडीतले मासे आपणहून जाळ्यात शिरतात. पण त्या दिवशी मीच टेबलाखाली शिरायच्या बेतात होतो.

मी कॅन्सरचा डॉक्टर. यशोदाबाईंचे यजमान दामू तांडेल, म्हणजे ट्रॉलरचे कप्तान. त्यांची आतड्यातली गाठ काढली होती, पण तिची पिल्लं लिव्हरमध्ये पोचली होती. केमोसोबत नवं इंजेक्शन सुरू करताना मी ऐटीत म्हणालो होतो, “तांडेल, आता गाठीची रसद तोडायची!”

तांडेलना काट्यावर उभं केलं. त्यांच्यापेक्षा वल्हं जाडजूड.

“आज डोस नाही,” मी म्हणालो. “असंच वजन उतरलं तर ट्रीटमेंटच थांबवावी लागेल.”

“तुम्हीच बोललात ना, रसद तोडा म्हणून?” तांडेल कळवळले. “मी पेजेच्या निवळीवर आलो. मी जेवलो तर ती पण जेवणार!”

मी कपाळावर हात मारला. “अहो, तुम्ही उपाशी राहिलात तर ती तुमचंच अंग ओरबाडून खाईल! रसद म्हणजे रक्त. वाढायचं तर गाठीला रक्त हवं. म्हणून ती ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन सोडते. त्या तिच्या हाका. हाक ऐकून शेजारच्या रक्तवाहिनीला फांद्या फुटतात, त्या थेट गाठीपर्यंत येतात. त्याच वाटेने गाठीच्या पेशी बाहेर पडतात आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात.”

“आणि इंजेक्शन?”

“हाक वाटेतच धरतं. धक्क्यावर लिलाववाल्याचा आवाजच पोचला नाही, तर गिऱ्हाईक जमेल?”

“कसलं जमतंय!”

यशोदाबाई नवऱ्याकडे वळल्या. “तोंड तिचं बंद करायचं होतं, तुम्ही स्वतःचं केलात! चला घरी. बांगडे वाट बघतायत.”

तांडेल जेवू लागले. इतके, की मिरकरवाड्यात बांगड्याचा भाव चढला म्हणतात. वजन भरलं, डोस पुन्हा सुरू झाले. पुढच्या स्कॅनमध्ये लिव्हरमधल्या गाठी गेल्या नव्हत्या, पण चांगल्याच आक्रसल्या होत्या. नवी एकही नव्हती.

“म्हणजे बोटीवर जाऊ?” तांडेलनी विचारलं.

“आधी धक्क्यापर्यंत चालत जा. मग बघू.”

मी एवढंच शिकलो: रुग्णाला उपमा द्यायची असेल, तर आधी कॅन्टीनमधून एक प्लेट उपमा मागवावा.