भांडता भांडता लांबपोळी

सासूबाईंच्या उजव्या हाताचं प्लास्टर निघालं, तरी हात काही खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, वापरला नाही तर असाच आखडून राहील. पण त्या हात जरा उचलायच्या, त्याच्याकडे टक लावून बघायच्या आणि घाबरून परत पोटाशी धरायच्या. महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. नैवेद्याची लांबपोळी आता आपल्याच्यानं होत नाही, असं त्या शेजारणीला सांगत होत्या, ते मी ऐकलं.

लांबपोळी मला त्यांनीच शिकवली, दीक्षितपुऱ्यातल्या याच गच्चीवर. चुलीवर मडकं उपडं ठेवायचं, सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि अलगद मडक्यावर टाकायचा. मी हातांकडे डोळे फाडून बघायची आणि पोळी हमखास फाटायची. एकदा मध्येच त्यांनी काढलं, तुमच्या माहेरचं वरण म्हणजे नुसतं पाणी. राग तर माझ्या नाकावरच. मी तावातावानं वरणाची बाजू मांडत सुटले आणि भानावर आले तेव्हा पोळी मडक्यावर पडली होती, अख्खी.

"हाताकडे पाहू नको," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पाहून भांड."

तेव्हापासून आमच्या घरी लांबपोळ्या भांडूनच होतात. शेजारच्यांना आता सवय झालीय.

म्हणून यंदा मी चूल पेटवली, त्यांना समोर बसवलं आणि गंभीर चेहऱ्यानं पोळपाट-लाटणं काढलं. म्हटलं, माझी आई म्हणते लाटून घेतलेलीच जास्त मऊ होते.

त्यांनी गोळा माझ्या हातातून ओढूनच घेतला. मग माझी आई, तिचं लाटणं, सिहोऱ्याचं आमचं अख्खं माहेर, कुणालाच सोडलं नाही. मीही आईची बाजू घेऊन आगीत तेल ओतत होते. गोळा या हातावरून त्या हातावर फिरत होता, आणि बोलता बोलता उजवा हात खांद्याच्या वर गेला. माझं बोलणंच थांबलं. मी बघत राहिले, आणि तिथंच घोळ झाला. माझी नजर त्यांनी पकडली, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात थबकला, पोळीला भोक पडलं.

"अच्छा, माझंच औषध मलाच देऊन राहिली का?"

डोळे दोघींचेही भरले होते. त्यांनी फाटकी पोळी बाजूला टाकली आणि दुसरा गोळा उचलला.

"आता गप्प काहून बसली? भांड ना."